विकलेल्या वस्तूचं दावं

आमच्या शेडला दोन फाटकं होती आणि एका फाटकातून दुसरं दिसत नसे. विकणारा मागच्या फाटकातून यायचा, घेणारा पुढच्या. मधे बंद पडलेल्या डाळमिलचा लांब हॉल आणि हॉलच्या मधोमध सिमेंटचा ओटा. पूर्वी त्या ओट्यावर तुरीची पोती उतरायची. आम्ही जागा भाड्याने घेतली तेव्हा फटीफटींतून पिवळी भुकटी निघत होती. कितीही झाडलं तरी ती कधी पूर्ण गेली नाही. संध्याकाळी घरी आलो की आम्हां दोघी बहिणींच्या पदराला डाळीचा वास यायचा.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण नात्यातल्या लोकांनाही ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. "तुम्ही दोघी भंगार घेता का?" असं एका लग्नात मला विचारलं होतं. भंगार नव्हे. हल्ली मोबाइलवर जुन्या वस्तूंचे लिलाव चालतात. कपाट, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, काहीही असो; फोटो काढून टाकायचा, लोक बोली लावतात, मुदत संपली की ज्याची बोली वरची त्याची वस्तू. पुस्तक असेल तर पोस्टाने जातं. कपाट कसं जाणार? ते न्यायला माणसालाच यावं लागतं. आणि सगळी भीती तिथेच असते. घेणारा म्हणतो, अनोळखी माणसाच्या दारात एकटा कसा जाऊ? विकणारी म्हणते, दुपारी घरी मी एकटीच असते, येणारा कोण आहे कुणास ठाऊक. दोघांचीही भीती खरी. अशांना भेटायला उजेडातली, चार माणसांतली, कुणाचंच घर नसलेली जागा हवी. आमची शेड ती जागा होती.

कल्पना अक्काची. अक्का माझी थोरली बहीण. तिचा संसार एरंडोलजवळच्या खेड्यात झाला, शेती आणि बैलांत. मी जळगावात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही. भाऊजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली आणि आल्या आल्या तिने मोबाइलवरून एक घरगुती पिठाची चक्की लिलावात घेतली. ती आणायला आम्ही धुळ्याला गेलो. पत्ता तिसऱ्या मजल्यावरचा, जिन्यात दिवा नाही, दार उघडणारा माणूस म्हणाला, "आत या, चक्की आतल्या खोलीत आहे." अक्का जिन्याच्या पायरीवरच बसली. "चक्की बाहेर आण बाबा, मी आत येत नाही." तो म्हणाला, चक्की जड आहे. अक्का म्हणाली, "मग मी पण जडच आहे." शेवटी शेजारच्या बाईंनी आपला दिवा जिन्यात धरला आणि त्या उजेडात चक्की चालवून बघितली. माणूस भला होता. त्यालाही आमचीच भीती वाटत होती, हे त्याने चहा पिताना सांगितलं. परतताना बसमध्ये अक्का चक्कीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "असं जिन्यात बसायची पाळी कुणावर यायला नको."

तर ती डाळमिल. नियम मी केले, कारण ग्रंथालयात आयुष्यभर तेच केलं होतं. सगळं दिवसाउजेडी. ओळखपत्र दोघांचंही बघायचं, पण एकाचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा नाही. वस्तू ओट्यावर. घेणाऱ्याने ती उघडायची, फिरवायची, चालवायची. कितीही वेळ लागो, कुणी "आटपा" म्हणायचं नाही. आणि शेवटी कोड. घेणाऱ्याच्या मोबाइलवर काही आकडे येतात. वस्तू पसंत पडली की ते आकडे त्याने विकणाऱ्याला सांगायचे. सांगितले की मधे थांबलेले पैसे विकणाऱ्याच्या खात्यात जातात. म्हणून घेणाऱ्याने वस्तू बघितल्याशिवाय कोड सांगायचा नाही, आणि विकणाऱ्याने कोड घेतल्याशिवाय वस्तू फाटकाबाहेर सोडायची नाही. हे वाक्य मी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचे. अक्का माझ्या मागे उभी राहून ओठ हलवत नक्कल करायची, आणि समोरचा माणूस हसू दाबायचा.

अक्काचं काम चहा, आणि माणसं. काम करण्याची तिची रीत अशी की ती काहीच करत नाही असं वाटे. घाबरलेल्या बाईशेजारी ती नुसती जाऊन बसायची. शिवाय तिची निळी मोपेड होती. त्या वयात ती शिकली आणि जळगावच्या रस्त्यांवरून बैलगाडी हाकावी तशी मधोमध चालवायची. दुपारी बँकेत किंवा बाजारात निघाली की कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जायची आणि परत यायची, कारण चष्मा विसरलेला असायचा. दर वेळी. गाडी वळल्याचा आवाज आला की मी चष्मा घेऊन फाटकात उभी. ती इंजिन चालू ठेवूनच हात पुढे करायची. "तू काय, इथंच उभी राहतेस का दिवसभर?" म्हणायची, आणि जायची.

नियमांत मी सगळं बसवलं होतं, असं मला वाटायचं. एक गोष्ट त्यात नव्हती.

सुरुवातीलाच एका बाईंनी लोखंडी कपाट विकलं. शिरपूरचे एक मास्तर ते घ्यायला आले. कपाट उत्तम, पण किल्ली नाही. बाई म्हणाल्या, किल्ली घरी आहे. मास्तर म्हणाले, मग आणा. बाई म्हणाल्या, "ती कशी देऊ?" मला वाटलं, हरवली असेल. मग एकाने मिक्सर दिला, झाकण ठेवून घेतलं. एकांनी झोपाळा विकला आणि चारांतली एक पितळी साखळी घरी ठेवली. "ताई," घेणारे गृहस्थ मला विचारत होते, "तीन साखळ्यांचा झोपाळा मी टांगू कुठं, आणि बसू कसा?" मी चिडले. फसवणूक म्हणावी तर माणसं फसवणारी दिसत नव्हती. साखळी ठेवून घेणाऱ्यांच्या तर डोळ्यांत पाणी होतं.

अक्काला आधी कळलं. "अगं, दावं ठेवताहेत," ती म्हणाली.

आमच्याकडे बैल विकतात तेव्हा बैल जातो, त्याच्या गळ्यातलं दावं जात नाही. विकणारा ते सोडून घेतो. घेणारा आपलं नवं दावं घेऊन आलेला असतो. जनावर गेलं तरी त्याचं काहीतरी गोठ्यात राहावं, लक्ष्मी सगळीच्या सगळी उठून जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. गावातली माणसं मोबाइलवर लिलाव करायला लागली, पण हात बाजारातलेच होते. वस्तू सोडताना तिचं काहीतरी काढून घ्यायचं, हे हातांनाच ठाऊक होतं. फक्त कपाटाला दावं नसतं, म्हणून किल्ली.

"दावं ठेवलं तरी बैल चालतो," मी अक्काला म्हटलं. "हे तर बैलाचा पाय काढून ठेवताहेत."

"ते त्यांना कसं कळणार? त्यांच्या हाताला लागेल ते ठेवतात."

यावर नियम काय करावा, हे मला सुचत नव्हतं. तेवढ्यात हिलाल आबा आले.

हिलाल आबा एरंडोलकडचे शेतकरी. धोतर, पांढरी बंडी, टोपी. काखेत चादरीत गुंडाळलेली एक पेटी. त्यांच्या मुलीने, पुण्याहून, लिलावात एक ट्रम्पेट टाकलं होतं. ते संजयचं, म्हणजे आबांच्या एकुलत्या एक मुलाचं. संजय लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, आणि आदल्या वर्षी तो आजारी पडून गेला होता. एवढं त्या मुलीने फोनवर सांगितलं होतं. आबा मागच्या फाटकातून आले. पेटी ओट्यावर ठेवली आणि तिच्यावर तळहात ठेवून बसले.

घेणारा पुढच्या फाटकातून आला. सादिक, धुळ्याच्या एका बँडमधला तरुण वादक. त्याचं ट्रम्पेट टेम्पोतून पडून चेपलं होतं आणि लग्नं तोंडावर आली होती. त्याने पेटी उघडली. आत तांबड्या मखमलीवर ट्रम्पेट होतं, लख्ख पुसलेलं. त्याने ते उचललं, तिन्ही पिस्टन दाबून बघितले, आणि मग टोकाकडे बघून थांबला.

"ताई, याचं माउथपीस नाही."

फुंकायला जो धातूचा छोटा पेला लावतात, त्याला माउथपीस म्हणतात. तो वेगळा निघतो. मखमलीत त्याच्या आकाराचा खळगा होता. खळगा रिकामा.

मी आबांकडे पाहिलं. त्यांचा हात बंडीच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला.

"बाई, बैल इका तरी दावं कोणी देस का?"

"आबा, पण त्याच्याशिवाय वाजणार कसं?"

"ते मना पोऱ्यानं तोंड लायेल शे." ते माझ्याशी नाही, ओट्याशी बोलत होते. "त्याले दुसरानं तोंड नही लागाले पाहिजे."

सादिकने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळी अहिराणी कळली असेल-नसेल, पण एवढं कळलं. तो पुढे झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, असू द्या. माझं माउथपीस घरी आहे, आम्ही आपापलंच वापरतो. याच्यासोबत आहे की नाही ते मी विचारलं नाही, म्हणून आणलं नाही. मी असंच घेऊन जातो. कोड सांगू का?"

मी नको म्हटलं. आजही तेच म्हणेन. न वाजवता तो घेऊन गेला असता, आणि पिस्टनमधून हवा सुटत असती, तर धुळ्याहून परत येऊन तो आबांशीच भांडला असता; नाहीतर न भांडता मनात ठेवून बसला असता. वाजवून बघायचंच, हा नियम दोघांसाठीच होता. पण ते वाजणार होतं आबांच्या खिशातल्या त्या पेल्यानेच, आणि तो तिथून निघत नव्हता.

अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजूला सरले. ती चहा घेऊन आली, आबांच्या शेजारी ओट्यावर टेकली.

"भाऊ, द्यायचंच नव्हतं तर विकायला कशाला काढलं?"

आबांनी चहा बशीत ओतला. "नही वाजाडं तर ते आखडी जास म्हनतस," ते म्हणाले. "मना पोऱ्यानं वाजाडेल शे. ते मुकं ऱ्हावाले नको."

म्हणजे असं होतं. ते वाजत राहावं म्हणूनच त्यांना ते द्यायचं होतं, आणि दुसऱ्या कुणी फुंकलेलं त्यांना सोसणार नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला हव्या होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

सादिक उठला आणि बाहेर गेला. मला वाटलं, गेलाच. पण तो नळापाशी गेला होता. त्याने हात धुतले, तोंड धुतलं, चुळा भरल्या, पुन्हा भरल्या. रुमालाने ओठ कोरडे केले. आत येऊन आबांच्या समोर उभा राहिला आणि काही मागितलं नाही. नुसता उभा राहिला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग खिशात हात घालून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली. ते इवलंसं होतं. टोपी काढून टोपीच्याच आतल्या कापडाने त्यांनी ते पुसायला घेतलं आणि अर्ध्यातच थांबले. पुसलं नाही. तसंच दिलं.

"फुक, बेटा."

सादिकने आधी एकच खालचा सूर काढला, लांब. मग चढत गेला, उतरत आला. पिस्टन चोख होते. त्याने ट्रम्पेट ओठांपासून काढलं आणि विचारलं, "आबा, काय वाजवू?"

"वरातनं नको." आबा थांबले. "नवरी निघस तवय वाजाडतस ना, ते वाजाड."

त्या वेळी शेडमध्ये आणखी दोन-तीन व्यवहार चालू होते. कुणी फ्रिज तपासत होतं, कुणी शिलाई मशीनचं चाक फिरवत होतं. सगळी कामं थांबली. उंच पत्र्याखाली तो आवाज असा भरला की ओट्याच्या फटींतली डाळीची भुकटी हलत असेल असं मला वाटलं. लग्नात आपण हे सूर ऐकत नाही. तेव्हा रडण्यात आणि सामान मोजण्यात असतो. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा ऐकले. अक्का पदर तोंडाला लावून बसली होती. आबा रडले नाहीत. ते पिस्टनवरच्या बोटांकडे बघत होते.

वाजवून झाल्यावर सादिकने माउथपीस काढलं, रुमालाने पुसायला गेला, आणि काय वाटलं कोण जाणे, तोही पुसायचा थांबला. दोन्ही हातांनी ते आबांच्या तळहातावर ठेवलं.

आबांनी मूठ मिटली. मग त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मूठ गालाला लावली.

"गरम शे," ते म्हणाले. अक्काकडे बघून पुन्हा म्हणाले, "बाई, गरम शे."

फुंकलं की धातू गरम होतो. त्यात नवल काही नाही. पण वर्षभर ते न फुंकलेलं, गार पडलेलं होतं.

सादिकने कोड सांगितला. आकडे मी आबांच्या मुलीला फोनवर कळवले. जाताना आबा त्याला म्हणाले, चांगलं वाजवतोस. आणि मग, "तेल देत जाय त्याले." पेटी पुढच्या फाटकाने गेली, आबा मागच्या. मुठीतलं त्यांनी खिशात परत ठेवलं नाही.

"बघितलंस?" अक्का कप विसळत म्हणाली. "तुला पाय वाटला. दावंच होतं ते."

त्यानंतर मी नियम केला. वस्तू यायच्या आधी विकणाऱ्याला फोनवर विचारायचं, दावं काय ठेवणार? ज्यावाचून वस्तू अडते असं काही सांगितलं, तर समजावायचं. किल्ली द्या, किल्लीचा गोंडा ठेवा. साखळी द्या, झोपाळ्याची उशी ठेवा. आणि काय ठेवलं जाणार ते घेणाऱ्याला आधी कळवायचं. लोकांना हे पटलं. काही तर पटण्यापलीकडे गेले. एकाने ट्रॅक्टरची सीट ठेवतो म्हटलं, अक्काने त्याला विचारलं, "आणि तो काय उभा राहून नांगरणार?" घेणारेही रुळले. वस्तू बघितली की आपणहून विचारायचे, "दावं काय ठेवलं?" आणि उत्तर ऐकून मान हलवायचे.

अक्का या उन्हाळ्यात गेली. एका दुपारी ती मोपेडवर निघाली. पिंपळापर्यंत गेल्याचा आवाज मी ऐकला. चष्मा टेबलावर होता. मी तो घेऊन फाटकात उभी राहिले. गाडी वळली नाही. थोडा वेळ थांबले आणि वाटलं, आज हिला लागणार नसेल. ती बाजारात पोचली होती, तिथंच तिला चक्कर आली. लोकांनी दवाखान्यात नेलं, मोपेड एका दुकानदाराने आपल्या ओट्याला लावून ठेवली. मला बोलावलं तोवर ती नव्हती.

शेड मी एकटीने चालवू शकत नाही. चहा मला जमतो, शेजारी जाऊन बसणं जमत नाही. दिवाळीनंतर जागा परत करायची आहे. त्या दुकानदाराने आणून दिलेली मोपेड फाटकाशी उभी होती. मला चालवता येत नाही, आणि न चालवता ती पडून राहिली तर काय होतं, हे हिलाल आबांनी शिकवलं होतं. मी तिचे फोटो काढले आणि लिलावात टाकली.

बोली वैशालीची लागली. शिरपूरकडच्या पाड्यावरची मुलगी, इथे जळगावात एका दवाखान्यात नर्स. एकटीच आली, आणि पुढच्या फाटकाबाहेरूनच तिने विचारलं, "आत कोण कोण आहे?" मला फार बरं वाटलं. मी म्हटलं, "अगदी बरोबर विचारलंस. आत मी, आणि फ्रिज घ्यायला आलेलं एक कुटुंब." तिने आत डोकावून खात्री केली, मग आली. गाडी उलटसुलट बघितली, किक मारली, हॉर्न वाजवला, हॉलला एक चक्कर मारली. माझ्या मनात आलं, अक्काने हिला मधोमध चालवायला शिकवलं असतं.

"छान आहे," ती म्हणाली. मग जरा घुटमळून, "मावशी, दावं काय ठेवलं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"आरसा हवा, हॉर्न हवा, किल्ली हवी. सगळंच लागतं, बाई. काही सुटं निघत नाही यातून."

तिने मान हलवली, ओढणी डोक्याला गुंडाळली आणि निघाली. मी टेबलाशी येऊन बसले. पिंपळापर्यंतचा आवाज ऐकला. पुढे तो कमी होत जायचा असतो. तो कमी झाला नाही. गाडी थांबली, वळली, आणि परत यायला लागली.

मी उठले. टेबलावरून उचलायचं ते उचललं आणि फाटकात जाऊन उभी राहिले.

निळी मोपेड माझ्यासमोर थांबली. इंजिन चालूच होतं.

"मावशी, कोड!" वैशाली हसत होती. "कोड घेतल्याशिवाय वस्तू फाटकाबाहेर सोडायची नाही, हे तुम्हीच ना सांगितलंत? आणि तुम्हीच सोडली." तिने मोबाइल काढला, आणि मग तिचं लक्ष माझ्या पुढे केलेल्या हाताकडे गेलं. "हे काय, चष्मा कुणाचा?"

मी हातातल्या चष्म्याकडे पाहिलं. मग हात मागे घेतला.

"दावं," मी म्हटलं. "सांग आता आकडे. सावकाश सांग."